मोबाईलवरील ध्यान, झोप आणि मनःस्वास्थ्य

आपल्या संघाच्या स्मरणिकेत आम्ही आजवर जे काही लिहिले ते बहुधा तूर, हरभरा, बारदान आणि कर यांविषयीच. यंदा विषय निराळा घेतला आहे, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु अलीकडे पेढीवर बसलो असता समव्यवसायी बंधूंकडून जी चौकशी वारंवार होते ती भावाची नसते, झोपेची असते. "रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही," हे वाक्य आम्ही कितीएकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यापाठोपाठ दुसरे वाक्य येते, "मुलाने मोबाईलवर एक अ‍ॅप घालून दिले आहे." हे अ‍ॅप नेमके काय करते, काय करू शकत नाही, त्याचे पैसे कसे जातात, आणि आपण त्यास जे सांगतो ते कोठे जाते, एवढ्या चार गोष्टींचा खुलासा येथे करण्याचा विचार आहे. आम्ही वैद्य नव्हे आणि यंत्रज्ञही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि उभे आयुष्य घाऊक धान्यात घालविलेले गृहस्थ आहोत. पोत्यात बांबी खुपसून मूठभर नमुना बाहेर काढावा आणि मग मालाविषयी बोलावे, एवढीच परीक्षा आम्हांस येते; तीच येथे केली आहे.

व्यापारी माणसाची झोप का उडते हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने तूर आणि हरभरा यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास एकेका जिनसामागे २०० टन. ज्यांची गुदामे त्या दिवशी भरलेली होती त्यांस त्या रात्री कोणत्या अ‍ॅपाने झोप आणली असती, हे आम्हांस ठाऊक नाही. शिवाय उधारी आहे, महिन्याच्या २० तारखेचे विवरणपत्र आहे, आणि दुकान पुढे कोण चालविणार हा प्रश्न तर आता घरोघरी आहे.

या अ‍ॅप्सचे ढोबळ तीन प्रकार मानता येतील. काही ध्यान करावयास लावतात, काही झोप आणतात किंवा मोजतात, आणि काहींशी मनातले बोलावयाचे असते. पहिल्या प्रकारात 'हेडस्पेस' आणि 'काम' ही दोन नावे जगभर झाली आहेत. हेडस्पेस २०१० मध्ये लंडन येथे अँडी पुडिकोम्ब आणि रिचर्ड पिअर्सन या दोघांनी काढले. पैकी पुडिकोम्ब हे पूर्वी बौद्ध भिक्षू होते. काम हे २०१२ मधले. अ‍ॅपल कंपनीने २०१७ साली आयफोनवरील वर्षातले उत्तम अ‍ॅप म्हणून त्याची निवड केली. 'इन्साइट टायमर' नावाचे तिसरे आहे, त्यात वर्गणी न भरताही पुष्कळ ऐकावयास मिळते. तिन्हींतील व्यवहार एकच : कानात एक संथ आवाज येतो, तो डोळे मिटावयास सांगतो, श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगतो, मन भरकटले की रागावू नका, परत आणा, असे सांगतो, आणि दहा मिनिटांनी घंटा वाजते. या पद्धतीस दवाखान्यात मान मिळाला तो जॉन कबात-झिन यांच्यामुळे. त्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रोग्यांसाठी आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग चालू केला. कापूस येथून जावा आणि कापड होऊन परत यावे, तसा हा माल आपल्याकडे परत आला आहे, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्यास विरोध करणार नाही; मात्र कापड वाईट आहे असेही म्हणणार नाही.

येथे एका व्यापाऱ्याचे उदाहरण देणे अवश्य वाटते. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. स्वतः मोठे उद्योजक. पण अर्धशिशीने हैराण झालेले. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकावयास गेले. हे गुरू कोणी मठवासी नव्हते. ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. हिशेबनीस गुरू आणि व्यापारी शिष्य, ही जोडी आपल्या संघास शोभावी अशीच आहे! गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीस धम्मगिरीचे केंद्र उभे राहिले. तेथे दहा दिवसांच्या शिबिरास बसणाऱ्याचा मोबाईल पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. अ‍ॅपच्या साहाय्याने ध्यान करू पाहणाऱ्यांनी या नियमाचा थोडा विचार करावा.

श्वासाच्या गणिताविषयी दोन शब्द. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटास साधारण १२ ते २० श्वास घेतो. अ‍ॅपमध्ये पडद्यावर एक वर्तुळ हळूहळू मोठे होते आणि लहान होते. त्याच्याबरोबर श्वास घेतला व सोडला की तो मिनिटास ६ च्या आसपास येतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. श्वास संथ झाला की हा चढउतार वाढतो, आणि मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली 'व्हेगस' नावाची जी मज्जा शरीरास विसावा देते तिचे काम वाढते. यात चमत्कार काही नाही. आपल्या दिगंबर परंपरेत एका कायोत्सर्गास २७ श्वासोच्छ्वासांचे माप आहे आणि त्यात ९ वेळा णमोकार म्हणावयाचा असतो. मिनिटास ६ श्वास धरले तर हे साडेचार मिनिटांचे काम झाले. ज्यांस हे लहानपणापासून येते त्यांनी वर्तुळासाठी वर्गणी भरण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही. ज्यांचे सुटले आहे त्यांस वर्तुळाने परत लागले तर तेही बरेच. ४८ मिनिटांच्या सामायिकासाठी मोबाईलचे घड्याळ लावणारे आता पुष्कळ आहेत. विजेच्या उपकरणास त्या वेळी स्पर्श वर्ज्य मानणारी मंडळीही आपल्यात आहेत. त्यांनी वाळूचे घड्याळ चालू ठेवावे, ते बिघडत नाही.

आता झोपेकडे वळतो, कारण आमच्या वाचकांचे खरे दुखणे तेथे आहे.

झोपेची अ‍ॅप्स दोन तऱ्हांची. एक गोष्ट सांगून किंवा पावसाचा, समुद्राचा आवाज ऐकवून झोपविणारी. काम कंपनीने प्रौढांसाठी निजतानाच्या गोष्टी २०१६ मध्ये सुरू केल्या आणि त्यांवर ती मोठी झाली. गोष्टीत काही घडू नये, ही त्यांची खुबी! पुराण ऐकता ऐकता पेंगणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस हे शास्त्र विनावर्गणी अवगत होते. दुसरी तऱ्हा झोप मोजणारी. मोबाईल गादीवर ठेवला असता त्यातील हालचाल ओळखणारे यंत्र आपण किती वेळा कूस बदलली हे टिपते, ध्वनिग्राहक घोरणे ऐकतो; मनगटी घड्याळ असेल तर ते हिरव्या प्रकाशाने नाडी मोजते. सकाळी एक आलेख दिसतो : गाढ झोप इतकी, स्वप्नांची झोप इतकी, गुण शंभरापैकी इतके.

या आलेखावर किती विश्वास ठेवावा? स्वप्नांच्या वेळी डोळे मिटल्या पापण्यांखाली भराभर हलतात, हा शोध १९५३ साली शिकागो येथे असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी लावला, तो डोळ्यांजवळ आणि डोक्यावर तारा लावून. आजही झोपेची खरी पायरी ओळखावयाची तर प्रयोगशाळेत डोके, डोळे आणि हनुवटी येथे तारा लावाव्या लागतात. गादीवरच्या मोबाईलला मेंदू दिसत नाही. तो हालचालीवरून अदमास करतो. जागा पण निश्चल पडलेला माणूस त्याच्या हिशेबी झोपलेला असतो. तेव्हा एकूण किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, एवढी नोंद उपयोगी. गाढ झोपेची मिनिटे हा केवळ अंदाज. तोही एखाद्यास बाधतो. शिकागोतील केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे रोगी वर्णन केले, की जे यंत्राच्या गुणांची चिंता करून करूनच झोप घालवून बसले होते. त्यास त्यांनी 'ऑर्थोसोम्निया' असे नाव दिले. रोज सकाळी तेजी-मंदी पाहण्याची ज्यांस सवय आहे अशा आपल्या मंडळींनी झोपेचाही भाव पाहू लागणे आम्हांस तरी धोक्याचे वाटते.

घोरण्याविषयी मात्र दुर्लक्ष करू नये. अ‍ॅपने रात्रभर घोरण्याचा आवाज टिपला असेल, मधूनमधून श्वास थांबून घुसमटून जाग येत असेल, आणि दिवसा गादीवर बसल्या बसल्या डुलक्या येत असतील, तर तो श्वास अडण्याचा रोग असण्याचा संभव असतो. त्याची तपासणी डॉक्टरांकडूनच होते व त्यावर उपाय आहे. रक्तदाब आणि हृदय या दोहोंशी त्याचा संबंध आहे. घरातील स्त्रियांच्या हे आधी लक्षात येते, त्यांचे ऐकावे.

निद्रानाशावर औषधाच्या गोळीआधी काय करावे, हे अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे : विचार आणि सवयी बदलणारी एक ठराविक चिकित्सा. ती शिकविणारी अ‍ॅप्सही निघाली आहेत. इंग्लंडमधील 'स्लीपिओ' यास तेथील शासकीय आरोग्य-मंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली; अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचे 'सीबीटी-आय कोच' फुकट आहे. दोन्ही इंग्रजीत आहेत, म्हणून त्यातील मतलब येथे देतो. झोप आल्याखेरीज अंथरुणावर जाऊ नये. पडून साधारण वीस मिनिटांत झोप न आल्यास उठावे, मंद उजेडात बसावे, आणि डोळे जड झाले की परत जावे. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. अंथरुणावर वही, मोबाईल, हिशेब, काही नको. दुपारची वामकुक्षी सोडावी किंवा अगदी थोडकी घ्यावी. आमच्या भागात एक ते चार दुकान बंद ठेवण्याची जुनी चाल आहे, तेव्हा हा नियम सर्वांत जड जाणार हे उघड आहे. आणि शेवटला नियम खास हिशेबी. रात्री दहाला पडून सहाला उठणारा माणूस आठ तासांत पाचच तास झोपत असेल तर हिशेब साडेबासष्ट टक्के झाला. मग त्याने अंथरुणावरील वेळच कमी करावी, म्हणजे बारा-साडेबाराला पडावे. आणि हिशेब पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेला की पंधरा-पंधरा मिनिटे वाढवावीत. पहिले दोन आठवडे कठीण जातात, दिवसा सुस्ती येते, म्हणून फेफरे असणाऱ्यांनी, लांब गाडी हाकणाऱ्यांनी आणि मनाच्या आजाराची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून हे करू नये.

या सगळ्यात एक विसंगती आहे. झोपेचे अ‍ॅप वापरावयाचे तर मोबाईल उशाशी लागतो, आणि उशाशी मोबाईल आला की त्याच्याबरोबर लातूरचे भाव, गटांतील संदेश आणि डोळ्यांवरचा उजेडही येतो. आमचा उपाय साधा आहे : ऐकावयाचे ते आधी लावून, 'डू नॉट डिस्टर्ब' करून मोबाईल पालथा दूर ठेवावा, आणि उठण्यासाठी गजराचे घड्याळ विकत आणावे.

अ‍ॅप्सनी गुण येतो का? येतो, पण थोडा. २०२४ मध्ये 'वर्ल्ड सायकियाट्री' या नियतकालिकात १७६ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. उदासीनता आणि चिंता या दोहोंवर अ‍ॅप्सचा परिणाम दिसला, पण तो लहान. त्याआधी २०१९ मध्ये ९३ अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला गेला, तेव्हा उतरवून घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी अ‍ॅप उघडणारे सुमारे तीनच टक्के आढळले. वर्गणी मात्र वर्षाची असते. पहिले काही दिवस फुकट, आणि मग न विचारता वर्षाची रक्कम, ही बहुतेकांची रीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप जाणारी रक्कम खात्यातून जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. तो संदेश वाचावा. अ‍ॅप मोबाईलमधून पुसले म्हणजे वर्गणी बंद झाली असे नव्हे. ती प्ले स्टोअरमधील वर्गण्यांच्या यादीत जाऊन किंवा यूपीआयच्या 'ऑटोपे' यादीत जाऊन वेगळी बंद करावी लागते.

राहिला तिसरा प्रकार, बोलावयाच्या अ‍ॅप्सचा. बेंगळुरूत तयार झालेले 'वायसा' हे त्यांतील एक. पडद्यावर पेंग्विन पक्षी असतो, आपण लिहावे, त्याने उत्तर द्यावे. अमेरिकेतील 'वोबॉट' २०१७ पासून चालले आणि ३० जून २०२५ रोजी बंद झाले. त्यास रोज मनातले सांगणाऱ्यांचा श्रोता एका दिवसात नाहीसा झाला. आता तर रात्री दोन वाजता चॅटजीपीटीशी बोलणारे तरुण घरोघरी आहेत. ते यंत्र हे या कामासाठी केलेले नाही आणि बहुधा आपल्या म्हणण्यास मान डोलावते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एका सोळा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी, मुलाच्या आत्महत्येनंतर, त्या कंपनीवर खटला भरला आहे.

माणसे यंत्राशी का बोलतात? आम्हांस वाटते, पतीसाठी. आमच्या लहानपणी "त्याला धारवाडला नेले" असे कोणाविषयी म्हटले की पुढचे कोणी विचारीत नसे. बाजारात पत म्हणजे माणूस. एखाद्या पेढीच्या मालकाचे मन ठिकाणावर नाही अशी कुजबुज झाली की उधारी आवळली जाते, आणि घरात लग्नाची मुले असली तर स्थळे मागे फिरतात. यंत्र कोणास सांगत नाही, अशी समजूत असते. ती तपासून पाहावी. 'बेटरहेल्प' या मोबाईलवरून समुपदेशन देणाऱ्या कंपनीने रोग्यांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदी कंपन्यांस दिली, या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिच्याकडून ७८ लक्ष डॉलर भरून घेतले. मोझिला या संस्थेने २०२२ मध्ये मनःस्वास्थ्याची व प्रार्थनेची ३२ अ‍ॅप्स तपासली. त्यांतील २८ वर गोपनीयतेबाबत धोक्याची खूण केली. फिनलंडमध्ये २०२० साली 'वास्तामो' या मानसोपचार कंपनीचे दप्तर चोरीस गेल्याचे उघडकीस आले. हजारो रोग्यांस एकेकट्याने पत्रे आली की दोनशे युरो द्या, नाही तर तुमचे डॉक्टरांस सांगितलेले सर्व जगजाहीर करू. आपण आपली खतावणी सख्ख्या मेहुण्यास दाखवीत नाही. आणि कोणत्या रात्री जिवाचे काय करावे असे वाटले, हे मात्र अटी न वाचता 'मान्य' दाबून लिहून ठेवतो. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदींस त्यापुढे १८ महिन्यांची मुदत ठेवली. डॉक्टर मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याची गुप्तता राखण्यास आजच बांधलेले आहेत. म्हणून आमचा सल्ला असा की अशा अ‍ॅपमध्ये खरे नाव, पेढीचे नाव घालू नये, संपर्कांची यादी आणि ठिकाण पाहण्याची परवानगी देऊ नये, आणि सोडताना खाते पुसण्याची विनंती करूनच सोडावे.

एक घडलेली हकीकत सांगतो. परगावच्या एका पेढीचे मालक, आमचे जुने स्नेही, मोठ्या तोट्यानंतर रोज रात्री ध्यानाचे अ‍ॅप ऐकू लागले. सलग दिवसांचा आकडा १४० वर गेला. अ‍ॅप त्यांस दररोज शाबासकी देई, आणि घरचेही समाधानी होते की बाबा ध्यान करतात. त्या पाच महिन्यांत त्यांचे जेवण निम्म्यावर आले, अंगावरचे कपडे ढिले झाले, दुकानात ते गिऱ्हाइकाकडे न पाहता बसून राहू लागले, आणि एके दिवशी त्यांनी विम्याचे कागद व्यवस्थित लावून सुनेच्या हाती दिले. तिला ते खटकले. तिने कोणास न विचारता त्यांस मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. औषध चालू झाले, तीन-चार महिन्यांत ते सावरले, आणि आज सौद्यांस पूर्ववत येतात. ध्यान ते अजूनही करतात. अ‍ॅपने त्यांचे वाईट केले असे तेही म्हणत नाहीत; पण जेवण, वजन आणि विम्याचे कागद यांची नोंद ठेवण्याची जागा त्यात नव्हती. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे, अन्न व झोप यांत मोठा फरक पडणे, आपण घरच्यांवर भार झालो असे बोलणे, व्यवहाराची अचानक निरवानिरव करणे, यांपैकी काही दिसले तर अ‍ॅप बाजूस ठेवून माणसाकडे गेले पाहिजे.

तो माणूस चटकन मिळावा यासाठी भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा चालू केली आहे. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे मुख्य केंद्र आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. आपल्यासारख्या सीमाभागातील लोकांस सोयीचे असे की भाषा निवडता येते आणि त्यांत मराठी आहे. प्रथम समुपदेशक बोलतो. त्यास गरज दिसली तर तो तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाचे नाव सांगतो. रोग्यासाठी घरच्या माणसानेही फोन करावयास हरकत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून याच सेवेचे अ‍ॅपही निघाले आहे. परंतु आमच्या वयाच्या मंडळींस क्रमांक फिरविणेच सोपे जाईल, म्हणून तो पेढीवरच्या दूरध्वनीच्या यादीत दवाखाना व अग्निशमन यांच्या खाली लिहून ठेवावा.